ट्रेंटनमध्ये बिल पुढे सरकवायचं असेल तर : न्यू जर्सीतल्या नवख्या मराठी मंडळींसाठी

न्यू जर्सीत येऊन चार-पाच वर्षं झाली तरी आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या लेखी अमेरिकेचं राजकारण म्हणजे वॉशिंग्टन. पण मतदानाला किती दिवस मिळणार, मतपत्रिकेवर नावं कोणत्या क्रमाने छापणार, वस्तीशेजारी कचरा जाळायची भट्टी येऊ शकते का, वाणसामानाच्या दुकानात पिशवी मिळणार की घरून न्यायची, हे सगळं राज्याच्या राजधानीत, ट्रेंटनला ठरतं. मतदान सुधारणा आणि पर्यावरण या दोन विषयांवर काम करायची इच्छा आहे, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, अशांसाठी हे लिहितोय.

एक फरक आधीच लक्षात घ्या. महाराष्ट्रात विधेयक म्हणजे सरकारी विधेयक. मंत्री मांडतात, पक्षादेश निघतो, मंजूर होतं. अशासकीय विधेयकाचं पुढे काय झालं ते सहसा कुणी विचारतही नाही. इथे विधिमंडळाची सिनेट आणि असेंब्ली अशी दोन सभागृहं आहेत, आणि त्यांतला कुठलाही सदस्य बिल, म्हणजे विधेयक, मांडू शकतो. दोन वर्षांच्या अधिवेशनात हजारो बिलं येतात आणि त्यांतली बहुतेक मतदानात हरत नाहीत, त्यांचा विषयच कुणी काढत नाही. कार्यकर्त्याचं मुख्य काम म्हणजे आपल्या बिलाचा विषय निघेल असं बघणं. त्यासाठी तुम्ही मतदार असलंच पाहिजे असं नाही.

आणखी एक. कॅलिफोर्नियात सह्या गोळा करून एखादा प्रश्न थेट मतदारांपुढे नेता येतो. न्यू जर्सीत राज्य पातळीवर ही सोय नाही. त्यामुळे व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या सह्यांच्या मोहिमेला इथे विनंतीपेक्षा जास्त किंमत नाही. वाट विधिमंडळातूनच जाते.

१. आधी आपला व्हिसा बघा

एच-वनवर असा, ग्रीन कार्डवर असा किंवा नागरिक असा, पत्र लिहिणं, फोन करणं, आमदाराला भेटणं, समितीपुढे साक्ष देणं, ना-नफा संस्थेत स्वयंसेवक म्हणून काम करणं हे तुम्हाला करता येतं. खाली जे देतोय त्यातलं बहुतेक सगळं व्हिसावरचा माणूसही करू शकतो. पण तीन ठिकाणी पाय घसरतो.

पहिलं ठिकाण मोटार व्हेइकल कमिशनचं ऑफिस. २०१८ पासून इथे लायसन्स काढताना मतदार नोंदणी आपोआप होण्याची व्यवस्था आहे, नको असेल तर तसं सांगावं लागतं. घाईघाईत स्क्रीनवर ‘हो, हो’ दाबत जाऊ नका. नागरिक नसाल तर नागरिकत्वाच्या प्रश्नावर थांबा, नीट वाचा, नोंदणीला स्पष्ट नकार द्या. ग्रीन कार्ड म्हणजे मतदानाचा हक्क नव्हे. पुढे नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जात ‘कधी मतदार म्हणून नोंदणी केली होती का, मत दिलं होतं का’ असं विचारतात, आणि तिथे अडकलेलं प्रकरण हद्दपारीपर्यंत जाऊ शकतं. चुकून नोंद झाल्याचं कळलं तर स्वतः उद्योग करू नका, आधी इमिग्रेशन वकील गाठा.

दुसरं, पैसे. ग्रीन कार्डवाले आणि नागरिक उमेदवाराला देणगी देऊ शकतात. एच-वन, एल-वन, विद्यार्थी व्हिसावाल्यांना मनाई आहे. ही मनाई केंद्रीय कायद्याची असली तरी राज्य आणि गावपातळीच्या निवडणुकांनाही लागू होते. उमेदवाराच्या निधीसाठी ठेवलेल्या जेवणाचं तिकीट हीसुद्धा देणगीच. ‘तू तुझ्या कार्डावरून भर, मी तुला देतो’ हा आपला नेहमीचा शहाणपणा तर इथे सरळ गुन्हा आहे, आणि तो नागरिक मित्रालाही गोत्यात आणतो.

तिसरं, अटक. धरणं, रास्ता रोको, अटक करवून घेणं ही आपल्याकडची परंपरा. इथे व्हिसावर असताना किरकोळ अटकेचाही व्हिसावर परिणाम होऊ शकतो. परवानगी असलेल्या मोर्चाला जा, रस्ता अडवायचं काम नागरिकांवर सोपवा.

कंपनीचा ईमेल आणि कंपनीचा लॅपटॉप या कामाला वापरू नका, हे सांगायला नकोच.

२. आपण नेमके कुठे राहतो ते शोधा

राज्यात ४० मतदारसंघ. प्रत्येकातून एक सिनेटर आणि दोन असेंब्ली सदस्य, म्हणजे तुमची कामं नेण्यासाठी तीन माणसं. हे मतदारसंघ नगरपालिकांच्या हद्दींवरून आखलेले असतात, फक्त नेवार्क आणि जर्सी सिटी ही मोठी शहरं विभागली गेली आहेत. टपालाच्या पत्त्यावरचं नाव आणि नगरपालिका पुष्कळदा वेगवेगळी असते, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. इझलिन आणि कलोनिया ही वूडब्रिज टाउनशिपमध्ये येतात. केंडल पार्क आणि मॉनमथ जंक्शन साउथ ब्रन्सविकमध्ये. पत्त्यात प्रिन्स्टन जंक्शन लिहिणारे वेस्ट विंडसरचे. प्रॉपर्टी टॅक्स कोणत्या टाउनशिपला जातो ते बघा, भाड्याने राहत असाल तर घरमालकाला विचारा, आणि मग विधिमंडळाच्या अधिकृत साइटवर ते नाव टाका.

याचा फायदा कधी कधी अनपेक्षित असतो. ओक ट्री रोडवर फिरताना एडिसन संपून इझलिन कधी लागलं ते कळतही नाही, पण एडिसन १८ व्या मतदारसंघात आणि इझलिन १९ व्या. या १९ व्या मतदारसंघाचे एक प्रतिनिधी क्रेग कॉफलिन २०१८ मध्ये असेंब्लीचे स्पीकर झाले. कुठलं बिल सभागृहापुढे यावं हे ठरवणाऱ्या माणसाचे तुम्ही मतदार आहात की नाही, हे रस्त्याच्या कोणत्या टोकाला घर घेतलं यावर ठरतं!

३. एकच बिल निवडा

‘हवामान बदल’ किंवा ‘लोकशाही वाचवा’ या विषयावर भेट मागितलीत तर चहा मिळेल, उत्तर मिळणार नाही. बिलाचा नंबर हवा. सिनेटचं असेल तर आधी ‘एस’, असेंब्लीचं असेल तर ‘ए’. दोन्ही सभागृहांत सारखंच बिल बहुतेक वेळा वेगवेगळ्या नंबरांनी मांडलेलं असतं, त्यामुळे दोन्ही नंबर टिपून ठेवा.

बिलाची भाषा बघून घाबरू नका. शेवटी ‘स्टेटमेंट’ नावाचा भाग असतो, त्यात बिल काय करतं ते साध्या भाषेत लिहिलेलं असतं. वाचन तिथून सुरू करा. मग मुख्य मजकूर बघा. ठळक चौकटी कंसातला मजकूर जुन्या कायद्यातून जाणार, अधोरेखित मजकूर नव्याने येणार. एवढं कळलं की पंचवीस पानांच्या बिलातली खरी बदलाची चार पानं हाती लागतात.

आधीची दोन कामं अभ्यासाला घ्या. मतदान सुधारणेत ‘काउंटी लाइन’चं प्रकरण. पक्षांतर्गत निवडणुकीच्या मतपत्रिकेत पक्षाच्या काउंटी शाखेने पाठिंबा दिलेले सगळ्या पदांचे उमेदवार एका रांगेत किंवा स्तंभात छापायचे आणि बाकीच्यांना कुठेतरी कोपऱ्यात टाकायचं, ही पद्धत २१ पैकी १९ काउंट्यांत होती. त्या कोपऱ्याला इथे ‘बॅलट सायबेरिया’ म्हणत. परिणाम असा की आमदाराला मतदारापेक्षा काउंटी अध्यक्षाची भीती जास्त. स्थानिक गट वर्षानुवर्षं याविरुद्ध बोलत होते, २०२० पासून कोर्टात दावा चालू होता. मग वॉशिंग्टनमधल्या अमेरिकन सिनेटच्या उमेदवारीसाठी उभे असलेले अँडी किम कोर्टात गेले आणि २९ मार्च २०२४ रोजी न्यायाधीश झाहिद कुरेशी यांनी त्या जूनच्या डेमोक्रॅटिक निवडणुकीपुरती ही रचना थांबवली. २०२५ मध्ये विधिमंडळाने कायदा करून ती बाजूला केली. आधी दहा वर्षं ‘हे बदलणं शक्य नाही’ म्हणणाऱ्यांनीच मग बाजूने मत दिलं, त्यामुळे ‘शक्य नाही’ या उत्तराला मी फारशी किंमत देत नाही.

पर्यावरणात २०२० चा एन्व्हायर्नमेंटल जस्टिस कायदा बघा. बिल एस-२३२, सिनेटमधले प्रायोजक, म्हणजे बिल मांडणारे, ट्रॉय सिंगलटन, राज्यपाल फिल मर्फींची सही १८ सप्टेंबर २०२० ची. त्यामागे नेवार्कच्या आयर्नबाउंड वस्तीतल्या, कचरा जाळणारी भट्टी आणि ट्रकची धूळ रोज सोसणाऱ्या लोकांची दशकभराची मेहनत होती. ज्या वस्तीवर आधीच प्रदूषणाचा भार आहे तिथे नवी भट्टी किंवा वीजकेंद्र आणायचं असेल तर एकूण भार मोजावा लागतो, आणि तो इतर भागांच्या तुलनेत जास्त निघाला तर परवाना नाकारता येतो. भार असलेली वस्ती कोणती? जिथे ३५ टक्के कुटुंबं कमी उत्पन्नाची, किंवा ४० टक्के लोक अल्पसंख्य, किंवा ४० टक्के कुटुंबांना इंग्रजी पुरेसं येत नाही. अल्पसंख्य म्हणजे आपणही. एडिसन-इझलिनच्या बऱ्याच गल्ल्या या व्याख्येत बसतात, हे आपल्या गृहसंकुलांच्या ग्रुपवर कुणाला माहीत नसतं.

नवं काही शोधत असाल तर मतदानाच्या दिवशीच नोंदणी करू देणारं बिल बघा. सध्या मतदानाआधी २१ दिवसांपर्यंत नोंदणी करावी लागते. नवीन घर घेऊन ऑक्टोबरच्या शेवटी गाव बदललेल्या माणसाला याची कटकट बरोबर कळते. पर्यावरणात तेलकंपन्यांकडून हवामानाच्या नुकसानीची भरपाई घेणारा कायदा बघा. तो व्हरमाँटने मे २०२४ मध्ये आणि न्यूयॉर्कने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये केला. आपल्या राज्यातलं असं बिल आज कुठे आहे ते साइटवर तपासा.

४. बिल कुठे अडकलंय ते शोधा

सगळ्यात महत्त्वाची पायरी ही, आणि नवखे लोक नेमकी हीच गाळतात.

बिल मांडलं की एका समितीकडे जातं. समितीचा अध्यक्ष, इथल्या भाषेत चेअर, ते अजेंड्यावर घेईल तेव्हाच चर्चा. नाही घेतलं तर विषय संपला, आणि कारण द्यायची सक्ती कुणावर नाही. पैशाचा संबंध असेल तर पुढे अर्थविषयक समितीचं दुसरं दार. समितीतून बाहेर पडलं की ‘दुसरं वाचन’, मग प्रत्यक्ष मतदान. मतदानाला कधी घ्यायचं ते असेंब्लीत स्पीकर आणि सिनेटमध्ये सिनेट प्रेसिडेंट ठरवतात. असेंब्लीत ८० पैकी ४१ मतं, सिनेटमध्ये ४० पैकी २१. शेवटी राज्यपाल. इथला राज्यपाल ‘कंडिशनल व्हेटो’ही वापरू शकतो, म्हणजे ‘एवढे बदल करा, मग सही करतो’ असं लिहून परत पाठवू शकतो.

आता तुमच्या बिलाचं पान उघडा आणि शेवटची तारीख बघा. जानेवारीत समितीकडे गेलं आणि पुढे काहीच नाही, असं असेल तर तुमचं लक्ष्य एकच माणूस, त्या समितीचा चेअर. बाकीच्या ११९ जणांना ईमेल पाठवण्यात वेळ घालवू नका. समितीतून सुटलं आहे पण मतदान नाही, तर दबाव स्पीकर किंवा सिनेट प्रेसिडेंटवर हवा. एका सभागृहात मंजूर, दुसऱ्यात पडून, तर दुसरीकडचा प्रायोजक गाठा आणि सरळ विचारा, कोण नको म्हणतंय?

वेळापत्रकही लक्षात ठेवा. अधिवेशन सम वर्षाच्या जानेवारीतल्या दुसऱ्या मंगळवारी सुरू होतं आणि दोन वर्षं चालतं. वसंतात अर्थसंकल्पाच्या सुनावण्या असतात, तेव्हा इतर समित्या थंड. ३० जूनपर्यंत अर्थसंकल्प व्हावा लागतो म्हणून जूनमध्ये झुंबड, मग उन्हाळ्यात शुकशुकाट. विषम वर्षाच्या नोव्हेंबरात निवडणूक झाली की जानेवारीपर्यंतचा काळ ‘लेम डक’. पडणारे, निवृत्त होणारे सगळे मोकळे झालेले असतात, आणि रखडलेली बिलं तेव्हा धडाधड सुटतात. दिवाळीनंतर भारतात जायचं तिकीट विषम वर्षात काढताना विचार करा.

अधिवेशन संपलं की राहिलेली सगळी बिलं मरतात. पुन्हा मांडली तर नंबर नवा. जुना नंबर छापलेली पत्रकं वाटणारी माणसं दर दोन वर्षांनी दिसतात, त्यांच्यात तुम्ही नसा.

५. स्वतःची संस्था काढू नका

तीन मराठी माणसं जमली की चौथी संस्था निघते, हा मोह इथे टाळा. मतदानाच्या विषयात लीग ऑफ विमेन व्होटर्सची राज्यशाखा आणि न्यू जर्सी इन्स्टिट्यूट फॉर सोशल जस्टिस आहेत. प्रोबेशन आणि पॅरोलवरच्या लोकांना मताधिकार परत देणारा डिसेंबर २०१९ चा कायदा याच वर्तुळातल्या आग्रहातून झाला. पर्यावरणात क्लीन वॉटर ॲक्शन, लीग ऑफ कन्झर्व्हेशन व्होटर्सची न्यू जर्सी शाखा, आयर्नबाउंड कम्युनिटी कॉर्पोरेशन. यांच्याकडे बिलांचा पाठपुरावा करणारी पगारी माणसं असतात आणि समितीच्या अजेंड्याची कुणकुण त्यांना आधी लागते. त्यांच्याकडे नसतं ते म्हणजे एडिसन, प्लेन्सबरो, वेस्ट विंडसरमध्ये फोन उचलणारी माणसं. ती तुम्ही द्या.

मराठी मंडळाचं काय? बहुतेक मंडळं आणि देवळं ५०१(सी)(३) प्रकारात नोंदलेली असतात. त्यांना कोणत्याही उमेदवाराचा प्रचार पूर्ण बंद आहे. बिलाला पाठिंबा मात्र मर्यादेत देता येतो. गणेशोत्सवाच्या स्टेजवर निवडणुकीच्या तोंडावर एकाच उमेदवाराला बोलावून ‘यांना निवडून द्या’ म्हटलं तर संस्थेची करसवलत धोक्यात. मतदार नोंदणीचं टेबल लावायचं तर पक्षाचं नाव न घेता लावा, आणि त्यावर ‘फक्त अमेरिकन नागरिकांसाठी’ असं मराठी आणि इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहा.

६. आमदाराच्या ऑफिसात भेट

भेट मतदारसंघातल्या ऑफिसात मागा. बहुधा आमदार भेटणार नाही, पंचविशीतली एखादी कर्मचारी भेटेल. नाराज होऊ नका, बिलाची फाइल तीच हाताळते. सोबत न्यायचं ते एवढंच:

– बिलाचे दोन्ही नंबर आणि सध्याची स्थिती लिहिलेला एक कागद, एकाच पानाचा
– तुमचा पत्ता आणि टाउनशिप
– त्याच मतदारसंघातली आणखी दोन-तीन माणसं
– एक प्रश्न

प्रश्न ‘तुम्ही पाठिंबा द्याल का’ असा नको, त्याला ‘आम्ही या विषयाबाबत संवेदनशील आहोत’ असं उत्तर मिळतं. ‘को-स्पॉन्सर म्हणून नाव लावाल का, आणि चेअरना हे अजेंड्यावर घ्यायला सांगाल का?’ असं विचारा. उत्तर कधीपर्यंत मिळेल ते विचारून तारीख लिहून घ्या आणि त्या तारखेला फोन करा.

आपला एक स्वभाव इथे आड येतो. पाहुणा आला की शाल, श्रीफळ, फोटो, आणि कामाचं बोलणं राहूनच जातं. गणपतीला आमदार आनंदाने येतात, दिवाळीचा गौरवठराव चौकटीत घालून देतात. त्यांना त्याची काही किंमत मोजावी लागत नाही. फोटो जरूर काढा, पण त्याच आठवड्यात ऑफिसला फोन करून बिलाचं विचारा.

७. समितीपुढे साक्ष

अजेंडा साइटवर येतो, सुनावणीच्या थोडेच दिवस आधी. साक्ष देण्यासाठी नाव नोंदवावं लागतं. बोलायचं नसेल तर ‘इन फेव्हर, नो नीड टू टेस्टिफाय’ असं नोंदवता येतं, चेअर ती नावं वाचून दाखवतात. वीस मराठी आडनावं एका दमात वाचताना चेअरची होणारी तारांबळ बघण्यासारखी असते, आणि ती लक्षातही राहते. मराठी मंडळींना न बोलता उपयोगी पडायची ही सोय मला फार आवडते.

बोलणार असाल तर साधारण तीन मिनिटं धरा. जागतिक तापमानाचे आकडे सांगायला तज्ज्ञ असतात. तुम्ही तुमचं सांगा. सप्टेंबर २०२१ मध्ये इडा वादळाच्या पावसात तळघर बुडालं असेल तर ते सांगा, विम्याने काय दिलं आणि काय नाही ते सांगा. शेवटचं वाक्य ‘एवढ्या नंबरच्या बिलाला आज मंजुरी द्या’ हेच हवं. उच्चाराची लाज नको, पण पाठ केलेलं भाषणही नको. लेखी प्रत समितीच्या कर्मचाऱ्याला द्या. तुमचं नाव आणि बोलणं सार्वजनिक नोंदीत जातं आणि कामकाज इंटरनेटवर ऐकता येतं, हे आधी घरच्यांना सांगून ठेवा, व्हिसाची चिंता असेल तर विशेष.

ट्रेंटनला गाडीपेक्षा ट्रेन बरी. मेट्रोपार्क, एडिसन किंवा प्रिन्स्टन जंक्शनहून नॉर्थईस्ट कॉरिडॉरची गाडी थेट ट्रेंटनला जाते, तिथून स्टेट हाउस वीस-पंचवीस मिनिटं चालत. फोटो ओळखपत्र जवळ हवं. डबा न्या. दहाची सुनावणी बाराला सुरू होते आणि कधी कधी तुमचंच बिल ऐन वेळी अजेंड्यावरून काढलेलं असतं. त्याला ‘हेल्ड’ म्हणतात. घरी निघून जाऊ नका, बाहेरच्या पॅसेजमध्ये प्रायोजकाच्या माणसाला गाठून कारण विचारा. कुणाचा आक्षेप आहे ते तिथेच कळतं.

८. सही झाल्यावर

एन्व्हायर्नमेंटल जस्टिस कायद्यावर सही झाली सप्टेंबर २०२० मध्ये, त्याची नियमावली लागू झाली एप्रिल २०२३ मध्ये. मधली अडीच वर्षं उद्योगांचे वकील पर्यावरण खात्यात जातच होते. नियमांचा मसुदा ‘न्यू जर्सी रजिस्टर’मध्ये छापला जातो आणि त्यावर लेखी सूचना पाठवायला मुदत असते. सूचना कुणीही पाठवू शकतो, एच-वनवालाही. एकाच मजकुराची शंभर पत्रं पाठवण्यापेक्षा नियमाचा क्रमांक देऊन ‘इथे हा शब्द असा हवा, कारण आमच्या वस्तीत असं घडतं’ असं एक पत्र लिहा.

मतदानाचंही तसंच. निवडणुकीच्या आधी नऊ दिवस प्रत्यक्ष मतदान करू देणारा कायदा मार्च २०२१ मध्ये झाला आणि त्याच नोव्हेंबरात वापरातही आला. पण केंद्र कुठे ठेवायचं ते काउंटीत ठरतं. बसने न पोचता येणारं केंद्र असेल तर ते काउंटी निवडणूक मंडळाच्या बैठकीत सांगावं लागतं. ट्रेंटनला फोन करून उपयोग नाही. नागरिक असाल तर मतदान केंद्रावर कर्मचारी म्हणून एक दिवस बसा, कायदा जमिनीवर कसा चालतो ते तिथे दिसतं.

आणि तुमची वस्ती भार असलेली असेल आणि तिथे भट्टी-वीजकेंद्रासारख्या एखाद्या प्रकल्पाने परवाना मागितला तर एन्व्हायर्नमेंटल जस्टिस कायद्याखाली त्याला प्रभाव अहवाल जाहीर सुनावणीच्या किमान ६० दिवस आधी द्यावा लागतो आणि ती सुनावणी तुमच्याच गावात घ्यावी लागते. सुनावणीची सूचना पर्यावरण खात्याच्या साइटवर लागते. गृहसंकुलातल्या एकाने दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती बघायची आणि ग्रुपवर टाकायची, एवढं काम आजच वाटून घ्या.